अल्पायुषी पूर्वजाचा माग



गोव्यातल्या कॅथलिक घराण्यात ऐन तरुणपणी वारलेला पूर्वज दोन पिढ्यांत विसरला जातो. त्याचा माग चर्चच्या वह्यांतच लागतो. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये बाप्तिस्मा आणि लग्नांच्या नोंदी सक्तीच्या केल्या. मृत्यूची वही १६१४ च्या विधिग्रंथाने आली. गोव्यातली सरकारी जन्मनोंदणी १९१४ ची, त्यामुळे त्याआधीच्या माणसासाठी मुख्य आधार याच वह्यांचा.

बाप्तिस्म्याची पोर्तुगीज नोंद सावकाश, शेवटपर्यंत वाचावी. नुसत्या नावावर भिस्त ठेवू नये. तान्हे मूल दगावले की पुढच्या मुलाला पुष्कळदा तेच नाव ठेवत, आणि मग एकाचा जन्म व दुसऱ्याचा मृत्यू जोडून भलताच माणूस उभा राहतो. आईबाप, आजी-आजोबा, वाडा, धर्ममाता-धर्मपिता हे सगळे जुळले तरच नोंद आपल्या माणसाची मानावी. समासही पाहावा. बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी लग्नाची टीप करण्याचा नियम १९०८ पासून सर्वत्र लागू झाला; त्याआधीचा समास कोरा असला, म्हणून माणूस अविवाहित ठरत नाही.

समजा, असा तरुण पोटासाठी मुंबईला गेला आणि १८९७ मध्ये वारला. मुंबईतल्या कॅथलिकांवर तेव्हा दोन धर्मसत्ता होत्या, पाद्रुआदो (पोर्तुगीज राजसत्तेच्या आश्रयाखालची) आणि प्रोपागांडा (थेट रोमच्या अधिकाराखालची). ही दुहेरी व्यवस्था १९२८ पर्यंत चालली. एका चर्चमध्ये नोंद सापडली नाही, तर त्याच वस्तीतल्या दुसऱ्या सत्तेच्या चर्चमध्ये विचारावे. गावची मृत्यूची वहीही उघडावी, कारण तेव्हा मुंबईत पसरलेल्या प्लेगच्या भीतीने लाखो लोकांनी शहर सोडले होते. ती साथ सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात ओळखली, ती मूळच्या गोव्याच्याच डॉ. अकासियो व्हिएगस यांनी.

खरी जोखीम इथेच आहे. साल प्लेगचे, वस्ती दाटीची, वय कोवळे, एवढ्यावरून तो प्लेगनेच गेला असे लिहिण्याचा मोह अनावर होतो. पण त्याच वर्षी माणसे क्षयाने, पटकीने, हिवतापानेही मरत होती. काळाची माहिती शक्यता दाखवते, पुरावा देत नाही. मृताला अखेरचे संस्कार मिळाले की नाही, दफन कुठे झाले, एवढेच नोंदीत असेल तर तेवढेच उतरवावे आणि साथीची हकिगत वेगळ्या परिच्छेदात द्यावी. प्रत्येक विधानाशेजारी चर्च, वहीचे साल आणि पान लिहावे. मृत्यूचे कारण नोंदलेले नसेल, तर कुळवृत्तांतात तसे स्पष्ट लिहावे.