यंत्रमानवाची दुसरी फेरी

भिलाई ही यंत्रांच्या सोबतीने वाढलेली नगरी आहे. सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभारलेल्या येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली. भट्टीवर काम करणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते : यंत्राजवळ बळ असते, तारतम्य नसते. ते माणसाने पुरवायचे असते. पण यंत्रालाच मन लाभले तर?

हा प्रश्न जुना आहे. चेक लेखक कारेल चापेक यांनी १९२० मध्ये लिहिलेल्या नाटकातून ‘रोबो’ हा शब्द जगभर गेला. त्याचे मूळ ‘वेठ’ या अर्थाच्या चेक शब्दात आहे. वेठीला धरलेला कधीतरी बंड करणार, हे भय त्या शब्दातच दडलेले आहे.

दिग्दर्शक शंकर यांनी हाच प्रश्न २०१० च्या ‘एंथिरन’ या तमिळ चित्रपटात मांडला. हिंदीत तो ‘रोबोट’ या नावाने आला. शास्त्रज्ञ वसीगरन आणि त्याने घडवलेला यंत्रमानव चिट्टी या दोन्ही भूमिका, बंगळूरच्या मराठी कुटुंबात जन्मलेल्या रजनीकांत यांनी केल्या. चिट्टी आगीतून एका मुलीला वाचवतो. परंतु ती स्नान करीत होती, हे त्याच्या लेखी महत्त्वाचे नसते. लोकांसमोर तशाच अवस्थेत आणल्यामुळे ती लज्जेने धावत सुटते आणि वाहनाखाली सापडून मरण पावते. यानंतर वसीगरन त्याला भावना देतो. भावनांबरोबर प्रेम येते, मत्सर येतो आणि अखेरीस विध्वंसही. शेवटी चिट्टी स्वतःच्या हातांनी स्वतःचे भाग सुटे करतो. प्रेक्षक हळहळतो, कारण यंत्राचा तो शेवट त्याला मृत्यूसारखा वाटतो.

२०१८ मध्ये ‘२.०’ हा उत्तरभाग आला. लोकांच्या हातांतील मोबाईल उडून जातात आणि त्यांतून एक महाकाय पक्षी साकारतो. त्यामागे पक्षिराजन या पक्षिशास्त्रज्ञाचा संतप्त आत्मा असतो. मोबाईल मनोऱ्यांच्या लहरींमुळे पक्षी मरतात, अशी त्याची तक्रार असते. हा दावा विज्ञानाने सिद्ध केलेला नाही. तरीही माणसाच्या सोयीची किंमत मुक्या जीवांनी का मोजावी, हा त्यामागील प्रश्न खरा आहे. दृश्यांची भव्यता तर पहिल्या भागाहून अधिक आहे.

मग उणे कोठे पडते? पहिल्या भागात चिट्टीला निवड करावी लागते, चुकावे लागते आणि त्याची किंमतही मोजावी लागते. दुसऱ्या भागात तो प्रामुख्याने शत्रूशी लढणारे साधन ठरतो. पक्षिराजनच्या प्रश्नाला उत्तर मिळते ते मुख्यतः युद्धातून, विचारातून नव्हे. म्हणून ‘२.०’ डोळे दिपवतो. परंतु मूळ चित्रपटाची उंची गाठत नाही.

उत्तरभागाने केवळ ओळखीची पात्रे परत आणणे पुरेसे नसते. मूळ कथेने जो प्रश्न अर्धवट सोडला, तो एक पाऊल पुढे न्यावा लागतो. यंत्रे अधिकाधिक शहाणी होत असलेल्या आजच्या काळात तर हे पाऊल फार मोलाचे आहे.

शब्दार्थ
तारतम्य – योग्य-अयोग्य ओळखण्याची समज
वेठ – सक्तीने करून घेतलेले काम
उत्तरभाग – कथेचा पुढील भाग

स्वाध्याय
१. चिट्टीला भावना देण्याची गरज वसीगरनला का वाटली?
२. ‘यंत्राजवळ बळ असते, तारतम्य नसते.’ आपल्या कामातील उदाहरण देऊन स्पष्ट करा.
३. आपण पाहिलेल्या एखाद्या चित्रपटाचा उत्तरभाग मूळ चित्रपटाच्या तोडीचा आहे का, ते सकारण लिहा.