विमान खालून चालवता येतं का?

प्रश्न : 11 सप्टेंबर 2001 ला अमेरिकेत आदळलेली विमानं अपहरणकर्त्यांनी नव्हे, तर जमिनीवरून रिमोटने चालवली गेली, असा व्हिडिओ आमच्या निवृत्त मंडळींच्या ग्रुपवर फिरतो आहे. त्यात बोइंगच्या पेटंटचा कागदही दाखवतात. मी वीज मंडळात आयुष्य काढलं, त्यामुळे यंत्र लांबून चालवता येतं याचं मला नवल नाही. मग हा दावा खोटा कशावरून?
– एक वाचक, सांगली

उत्तर : यात दोन प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. मोठं विमान जमिनीवरून चालवता येतं का, हा एक. त्या दिवशीची चार विमानं तशी चालवली गेली का, हा दुसरा. व्हिडिओवाले पहिल्याचं उत्तर देतात आणि दुसऱ्याचं दिल्याचा आव आणतात.

पहिल्याचं उत्तर 'हो' आहे. दुसऱ्या महायुद्धातच अमेरिकेने स्फोटकांनी ठासून भरलेली बॉम्बर विमानं रेडिओने चालवून पाहिली होती. उड्डाण मात्र माणसालाच करावं लागे. विमान स्थिरावलं की वैमानिकाने पॅराशूट घेऊन उडी मारायची. ऑगस्ट 1944 मध्ये जॉन केनेडींचा थोरला भाऊ जोसेफ अशाच मोहिमेत, उडी मारण्याआधीच झालेल्या स्फोटात मारला गेला. 1962 मध्ये अमेरिकेच्या सेनाप्रमुखांनी क्यूबावर हल्ल्याचं निमित्त मिळवण्यासाठी 'ऑपरेशन नॉर्थवूड्स' नावाची योजना मांडली. खऱ्या विमानासारखं रंगवलेलं रिमोटचं विमान उडवून ते क्यूबाने पाडल्याचा देखावा करायचा, हा तिचा एक भाग होता. सरकारने ती फेटाळली, पण कागद आज सर्वांना वाचायला खुले आहेत. आणि एप्रिल 2001 मध्ये, हल्ल्याच्या पाचच महिने आधी, ग्लोबल हॉक हे विनावैमानिक टेहळणी विमान कॅलिफोर्नियातून पॅसिफिक ओलांडून ऑस्ट्रेलियात उतरलं. तेव्हा संशय घेणारा माणूस वेडा नाही. त्याच्या खिशात खरे दाखले आहेत.

पण त्याच पोतडीतला एक दाखला व्हिडिओत पूर्ण सांगत नाहीत. 1 डिसेंबर 1984 ला नासा आणि अमेरिकेचं विमान वाहतूक प्रशासन यांनी एक बोइंग 720 कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स तळाजवळ मुद्दाम आपटलं. अपघातात पटकन पेट न घेणारं इंधन तपासायचं होतं. फिट्झह्यू फुल्टन हा मुरलेला चाचणी वैमानिक जमिनीवरच्या कॉकपिटमध्ये बसून विमान चालवत होता. त्याआधी 14 उड्डाणांची रंगीत तालीम झाली होती. विमानात सावधगिरीचे वैमानिक ठेवून रिमोटने 10 वेळा उड्डाण, 69 वेळा आपटण्याच्या जागेकडे खाली येणं आणि 13 वेळा उतरणं, एवढा सराव पदरी होता. पंख समपातळीत ठेवून विमान पोटावर टेकवायचं, मग जमिनीत रोवलेली पोलादी पाती पंख फाडतील, असा बेत. प्रत्यक्षात शेवटच्या क्षणांत विमान डावी-उजवीकडे डोलू लागलं, डावा पंख आधी टेकला, विमान तिरकं झालं आणि एक पातं थेट इंजिनात घुसलं. जो पेट टाळायचा होता तो घेतलाच. आग विझायला तासाहून जास्त वेळ लागला. महिनोन्‌महिने तयारी, मोकळं वाळवंट, अडवायला विमानात कोणी नाही, तरी ही गत. आता हेच चार विमानांत, एकाच सकाळी, आत जिवंत वैमानिक बसलेले असताना आणि विमान कंपन्यांच्या तंत्रज्ञांना सुगावा न लागता करायचं आहे.

दुसऱ्या प्रश्नासाठी ती विमानं कशी होती ते पाहू. दोन बोइंग 767, दोन 757. दोन्ही जाती 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला सेवेत आल्या. वैमानिक हातातलं चाक फिरवतो तेव्हा पोलादी तारा आणि कप्प्यांमधून ती ओढ हायड्रॉलिक यंत्रणेपर्यंत जाते आणि पंखांवरची, शेपटीवरची मुख्य नियंत्रणं हलतात. पूर्णपणे विजेच्या इशाऱ्यांवर चालणारं बोइंगचं पहिलं प्रवासी विमान म्हणजे 777, आणि ते आलं 1995 मध्ये. 757 आणि 767 मध्येही ऑटोपायलट असतोच, पण त्याचा खटका चाकावर, वैमानिकाच्या अंगठ्याखाली असतो. दाबला की ऑटोपायलट सुटतो. जोर लावून चाक फिरवलं तरी वैमानिक त्याच्यावर मात करू शकतो. तुम्ही विजेतले जाणकार आहात. फ्यूज काढला की यंत्र गप्प होतं हे तुम्हाला सांगायला नको. कॉकपिटमधल्या सर्किट ब्रेकरचंही तेच. म्हणजे रिमोटवाल्याने नुसता रिसीव्हर बसवून भागत नाही. वैमानिकाचे चाक, खटका आणि ब्रेकर हे तिन्ही आधी निकामी करावे लागतात.

आणि तसं झालं असतं तर आठ वैमानिकांपैकी कोणीतरी रेडिओवर ओरडलं असतं की, विमान आमचं ऐकत नाही. ऐकू आलं ते वेगळंच. युनायटेड 93 या विमानाच्या कॉकपिटमधून 9 वाजून 28 मिनिटांनी 'मेडे'ची, म्हणजे संकटाची, हाक आणि झटापटीचे आवाज क्लीव्हलंडच्या नियंत्रकांच्या कानावर आले. अमेरिकन 11 मध्ये अपहरणकर्त्याने प्रवाशांना दम द्यायला बटण दाबलं, पण ते चुकीचं. त्याचं बोलणं प्रवाशांऐवजी बॉस्टनच्या नियंत्रकांना गेलं आणि त्यातूनच आणखी विमानं ताब्यात असल्याचा पहिला इशारा मिळाला. ही चूक अनोळखी कॉकपिटमध्ये बसलेल्या माणसाची आहे.

न्यूयॉर्कच्या दोन विमानांचे रेकॉर्डर सापडले नाहीत. उरलेल्या दोन्ही विमानांच्या उड्डाणनोंदी मात्र हाती लागल्या. पेंटागॉनवर आदळलेल्या अमेरिकन 77 चा ऑटोपायलट 9 वाजून 29 मिनिटांनी, सुमारे 7,000 फुटांवर सोडला गेला आणि पुढचं उड्डाण हाताने झालं. युनायटेड 93 मध्ये नव्या चालकाने वॉशिंग्टनच्या विमानतळाच्या दिशादर्शक रेडिओ केंद्राची फ्रीक्वेन्सी लावली. वाट शोधणाऱ्या माणसाला ती लागते.

आता पेंटागॉनजवळच्या त्या गाजलेल्या वळणाबद्दल. 330 अंशांचा फेरा मारत विमान 2,200 फुटांपर्यंत खाली आलं. प्रशिक्षकांनी ज्याला कच्चा ठरवलं होतं त्या अपहरणकर्त्या हानी हंजूरला हे जमणं शक्य नाही, असा दावा असतो. हंजूर कच्चा होता हे खरं. पण त्याच्याकडे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना होता, मोठ्या जेटच्या सिम्युलेटरवरचा सरावही होता. कच्च्या वैमानिकाची परीक्षा उतरताना होते. वेग, उतार, फ्लॅप, चाकं, धावपट्टीची मधली रेघ, सगळं एकाच वेळी सांभाळावं लागतं. आदळण्यासाठी यातलं काहीच लागत नाही. पेंटागॉनची एक बाजू सुमारे 280 मीटर लांब आहे. आणि तो फेरा तरी का मारावा लागला? सरळ येताना उंची फार उरली होती म्हणून. निष्णात हाताने ती आधीच कमी करत आणली असती.

राहिलं पेटंट. बोइंगचं आहे, खरं आहे. एकदा चालू झालं की वैमानिकालाही बंद करता येणार नाही, असा ऑटोपायलट त्यात मांडला आहे. पण त्याचा अर्ज फेब्रुवारी 2003 चा आणि मंजुरी नोव्हेंबर 2006 ची. हल्ल्यामुळे सुचलेला उपाय हल्ल्याचं हत्यार म्हणून दाखवला जातो. तो कागद पुन्हा पाहा, तारीख त्यावरच छापलेली आहे.

प्रश्न : 30,000 फुटांवरून मोबाइल लागतच नाही. मग प्रवाशांनी घरी फोन कसे केले?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : तुमचं पहिलं वाक्य ढोबळमानाने बरोबर आहे. मोबाइलच्या टॉवरचे अँटेना जमिनीकडे रोखलेले असतात. इतक्या उंचीवर जोडणी लागलीच तर क्षणभर, आणि विमानाच्या वेगामुळे तीही तुटते. गफलत आहे ती 'मोबाइल' या शब्दात. त्या काळी अमेरिकी विमानांत आसनांच्या पाठीला फोन बसवलेले असत. क्रेडिट कार्ड सरकवायचं आणि बोलायचं. त्यांचे जमिनीवरचे अँटेना वेगळे, आकाशाकडे तोंड केलेले. युनायटेड 93 मधून झालेल्या 37 फोनपैकी 35 याच फोनवरून झाले. मोबाइलवरून लागलेले दोन 9 वाजून 58 मिनिटांचे, म्हणजे कोसळण्याआधी पाच मिनिटं, विमान बरंच खाली आल्यावरचे. अमेरिकन 11 मधली हवाईसेविका बेटी ऑन्ग हिनेही विमानातल्याच फोनवरून कंपनीच्या आरक्षण कार्यालयाला जवळजवळ 25 मिनिटं माहिती दिली. विमान वेडंवाकडं उडतंय, हेही तिनेच कळवलं.

प्रश्न : 2001 चं सोडा. 2014 मध्ये मलेशियाचं एमएच 370 नाहीसं झालं. ते तर 777, पूर्ण इलेक्ट्रॉनिक. महाथीर मोहम्मद यांच्यासारख्या माजी पंतप्रधानांनीही त्या पेटंटचा उल्लेख केला होता. तिथे तरी रिमोटची शंका घ्यायला जागा आहे ना?
– एक वाचक, पुणे

उत्तर : जागा 2001 पेक्षा जास्त आहे, पण व्हिडिओत दाखवतात तेवढी नाही. 8 मार्च 2014 ला क्वालालंपूरहून बीजिंगला निघालेल्या या विमानात 239 जण होते, त्यांत 5 भारतीय. मध्यरात्रीनंतर 1 वाजून 21 मिनिटांनी त्याचा ट्रान्सपॉन्डर बंद पडला. ट्रान्सपॉन्डर नियंत्रकाला विमानाची ओळख आणि उंची कळवतो. तो बंद झाला की साध्या रडारवर नुसता ठिपका उरतो, तोही रडारच्या टप्प्यात असेपर्यंत. लष्करी रडारवर ते 2 वाजून 22 मिनिटांपर्यंत दिसलं.

पेटंटच्या शंकेला मलेशियाच्या तपास अहवालातच उत्तर आहे. असं तंत्र आपण कुठल्याही प्रवासी विमानात बसवलेलं नाही, असं बोइंगने तपासकांना कळवलं. कंपनीच्या शब्दावर विश्वास नसेल तर तारीख पाहा. हे विमान मे 2002 मध्ये मलेशियाच्या ताब्यात आलं, पेटंटचा अर्ज त्यानंतरचा.

याहून हुशार दावा दुसरा आहे. 777 मध्ये कॉकपिटच्या दाराबाहेर, जमिनीत एक झडप असते. तिथून खालच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कप्प्यात उतरता येतं. कोणीतरी तिथे उतरून उपग्रहाला खोटे संदेश पाठवले आणि विमान दक्षिणेऐवजी उत्तरेला नेलं, असं हा दावा सांगतो. झडप खरी आहे. खाली उतरून काही यंत्रं बंद पाडता येतील, हेही मान्य. अडचण पुढे आहे. रडारवरून नाहीसं झाल्यावरही सकाळी 8 वाजून 19 मिनिटांपर्यंत विमान आणि उपग्रह यांच्यात तुरळक संकेतांची देवघेव चालू होती. संकेत पोचायला लागलेल्या वेळेवरून विमानाचं उपग्रहापासूनचं अंतर निघालं, आणि फ्रीक्वेन्सीतल्या बारीक फरकावरून ते दक्षिणेला गेलं हे ठरलं. ही दुसरी पद्धत उपग्रह कंपनी इनमारसॅटच्या अभियंत्यांनी घटनेनंतर, या विमानासाठी बसवली. तिला फसवायचं तर अपहरणकर्त्याला ती शोधली जाण्याआधीच माहीत असायला हवी होती.

शिवाय अवशेष. जुलै 2015 मध्ये रियुनियन बेटावर पंखाचा एक तुकडा लागला. आतल्या क्रमांकांवरून तो याच विमानाचा ठरला. पुढे टांझानियाच्या किनाऱ्यावर पंखाच्या फ्लॅपचा मोठा भाग मिळाला, त्याचीही ओळख पटली. उत्तरेला गेलेल्या विमानाचे तुकडे हिंदी महासागराच्या पश्चिम काठाला येणार कसे?

तरीही 1,20,000 चौरस किलोमीटर समुद्रतळ धुंडाळून जानेवारी 2017 मध्ये शोध थांबवावा लागला. जुलै 2018 च्या अहवालाने सांगितलं की, विमान वळलं ते यंत्रातल्या बिघाडाने नव्हे, हाताने वळवलं गेलं; आणि तिसऱ्या कोणाचा हस्तक्षेप नाकारता येत नाही. कटवाले हे शेवटचं वाक्य उचलतात आणि 'नाकारता येत नाही'चं 'घडलं' करून टाकतात. अहवालाचा अर्थ मर्यादित आहे. चाक कोणाच्या हातात होतं, हे अजून ठाऊक नाही. विमान दक्षिण हिंदी महासागरात पडलं, हे संकेत आणि तुकडे दोन्ही सांगतात. तुम्हाला तर्क करायचाच असेल तर चाक कोणाच्या हातात होतं यावर खुशाल करा, तिथे सगळे अजून विद्यार्थीच आहेत. विमान कुठे पडलं यावर मात्र, आधी त्या तुकड्यांचा हिशेब द्यावा लागेल.