जिल्हा परिषदा : अधिकार आणि मुदत

लोकशाही विकेंद्रीकरणाची चर्चा बहुधा अधिकार आणि निधी यांभोवतीच फिरते. महाराष्ट्राचा अनुभव मात्र वरवर किरकोळ वाटणाऱ्या एका प्रश्नाकडे लक्ष वेधतो : निवडणूक वेळेवर होते काय?

बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये त्रिस्तरीय रचना सुचविली. तिचा मुख्य भर गटपातळीवर होता. वसंतराव नाईक समितीने महाराष्ट्रासाठी जिल्हा हा घटक पसंत केला. तिच्या शिफारशींवर १९६१ चा अधिनियम बेतला गेला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. जिल्हाधिकाऱ्यास या रचनेबाहेर ठेवून मुख्य कार्यकारी अधिकारी हे स्वतंत्र पद निर्माण करण्यात आले. त्या काळी हे धाडसच होते.

निवडणुका १९६२, १९६७ व १९७२ मध्ये झाल्या. त्यानंतरची १९७९ मध्ये आणि पुढची थेट १९९२ मध्ये! दरम्यान अधिनियम रद्द झाला नव्हता. फक्त मतदार विसरला गेला होता. अन्य राज्यांतही कमीअधिक हेच घडत होते. २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने म्हणूनच पाच वर्षांची मुदत घटनेत घातली, मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण करण्याचे बंधन घातले आणि हे काम राज्य निवडणूक आयोगाकडे सोपविले.

तरीही २०२२ मध्ये बहुसंख्य जिल्हा परिषदांची मुदत संपली, तेव्हा इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा वाद न्यायप्रविष्ट होता. निवडणुका लांबल्या आणि प्रशासक आले. चार आठवड्यांत निवडणुकांची अधिसूचना काढण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी दिला, तोपर्यंत तीन वर्षे लोटली होती.

या काळात जिल्हा परिषदेचा प्रशासक म्हणजे मुख्य कार्यकारी अधिकारी आणि पंचायत समितीचा प्रशासक म्हणजे गटविकास अधिकारी. प्रस्ताव ज्याच्या कार्यालयातून निघे, मंजुरीही त्याचीच. अधिकारी कर्तव्यदक्ष असला तर कामे अडत नाहीत, कदाचित वेगानेही होतात. सभांची दगदग वाचते, असेही काहींना वाटते. परंतु शाळेची गळकी खोली, आरोग्य केंद्रातील रिक्त पद किंवा वेळेवर न पोहोचलेला टँकर यांबाबत शिक्षण समितीत, आरोग्य समितीत वा स्थायी समितीत उभे राहून खुलासा मागणारा सदस्य त्या तीन वर्षांत नव्हता. सरपंचांना आपले गाऱ्हाणे घेऊन कार्यालयातच जावे लागले, आणि तेथे त्यांना मिळाले ते उत्तर सभेच्या इतिवृत्तात नोंदले गेले नाही.