घरचे मलम : काय घालावे, काय टाळावे



थंडी पडली की आपल्याकडे पायांना भेगा पडतात. उसाच्या फडात राबणाऱ्या माणसांच्या टाचा तर पार फाटतात. आमची आज्जी घरीच मलम करते. तिला विचारून कृती लिहून घेतली आणि घ्यायची काळजी गुरुजींकडून समजून घेतली. ती सर्वांसाठी येथे देत आहे.

साहित्य : खोबरेल तेल 4 चमचे, कोकमतेल 1 चमचा, मधमाशीचे मेण 1 चमचा, चिमूटभर हळद.

कृती : भांडे थेट चुलीवर ठेवू नये, तेल पेट घेते. पातेल्यात पाणी गरम करून त्यात तेल-मेणाची वाटी ठेवावी. हे काम मोठ्या माणसांनीच करावे. सगळे वितळले की हळद घालून फडक्याने गाळावे व कोरड्या डबीत भरावे. डबीत पाण्याचा थेंबही जाऊ नये, नाहीतर बुरशी येते. रात्री पाय धुऊन, पुसून मलम चोळावे. त्याने कातडीतला ओलावा उडून जात नाही आणि भेगा मऊ पडतात.

आता महत्त्वाची गोष्ट. झाडाचे आहे म्हणजे अपाय होणार नाही, असे समजू नका.

1) बिब्बा : याच्या तेलाचा काळा डाग धुऊन जात नाही. म्हणून पूर्वी परीट त्याने कपड्यांवर खुणा करीत. काटा मोडला की काहीजण बिब्ब्याचा चटका देतात. पण त्याने कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात. मलमात बिब्बा कधीच घालू नये.

2) आंबा आणि काजू : ही बिब्ब्याच्याच कुळातली झाडे. कैरीच्या देठाचा चीक तोंडाला लागला की फोड येतो, हे आपल्याला ठाऊकच आहे. चंदगड-आजऱ्याकडे काजू फोडणाऱ्या बायका हाताला राख किंवा तेल लावतात, ते टरफलातल्या तेलाने कातडी सोलते म्हणूनच.

3) रुई : हिचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला मोठी इजा होते.

4) कोरफड : कापल्यावर पिवळा चीक निथळू द्यावा, त्याने खाज येते. आतला गर ताजाच लावावा. त्यात पाणी असते, म्हणून मलमात घालू नये.

5) शेंदूर : काहीजण मलमात घालतात. शेंदुरात शिसे असते, ते विषारी आहे.

नवे मलम आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडेसे लावून दोन दिवस वाट पाहावी. खाज किंवा लाली आली तर ते वापरू नये.

घरचे मलम भेगांसाठी आहे, जखमेसाठी नाही. भाजले तर त्यावर गार पाणी ओतावे, हळद-तेल थापू नये. गंजका खिळा किंवा विळा लागला तर जखम साबण-पाण्याने धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे व धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारावे. मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाची भेग चिघळली तर घरी थांबूच नये.

आज्जीने हे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "बरं झालं बाळा, बिब्बा आता परड्यातच ऱ्हाऊ दे."

— इयत्ता सातवी