चूक कमी दिसते, तरी टोक भलतीकडे का?

प्रश्न : मी बायोमेडिकल अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. थ्रीडी स्लायसर, प्लस टूलकिट आणि ऑप्टिकल ट्रॅकर वापरून प्लास्टिकच्या कवटीवर नेव्हिगेशन उभे केले. रजिस्ट्रेशनची चूक 0.6 मिमी दिसते. पण पॉइंटर कवटीच्या मागच्या बाजूला टेकवला, की पडद्यावर 4 मिमी बाजूला दिसतो. कुठे चुकते?

उत्तर : 0.6 मिमी हा आकडा फक्त तुम्ही निवडलेले बिंदू एकमेकांशी किती जुळले, एवढेच सांगतो. लक्ष्याच्या जागी किती चूक आहे, ते तो सांगत नाही. तुमचे बिंदू बहुधा नाक आणि डोळ्यांभोवतीच असावेत. कोनात जरासा फरक पडला, तरी बिंदूंपासून दूर जाल तशी चूक वाढते. बिजागरीपाशी केसभर हललेले दार कडेला बोटभर हलते, तसे.

सहा-आठ बिंदू घ्या. ते कवटीभर पसरलेले आणि लक्ष्याला वेढणारे हवेत, एका रेषेत नकोत. आणखी दोन बिंदू रजिस्ट्रेशनबाहेर ठेवा आणि खरी चूक त्यांच्यावरच मोजा.

पॉइंटरचे पिव्हट कॅलिब्रेशनही पुन्हा करा. टोक खळग्यात घट्ट रोवून दांडा सगळीकडे फिरवा. टोक सरकता कामा नये. संदर्भ मार्कर टेबलाला नव्हे, कवटीलाच पक्का बसवा. सीटीचे काप 1 मिमी किंवा त्याहून पातळ असावेत.

स्लायसर हे संशोधनासाठीचे सॉफ्टवेअर आहे. आवश्यक परवानग्यांशिवाय रुग्णावर वापरू नका. त्या 4 मिलिमीटरमध्ये एखादी नस असू शकते.