दप्तराचा भार : माप इयत्तेचे नव्हे, बालकाचे

आजरा तालुक्यातील पुष्कळ मुले वाड्यावस्त्यांवरून पायी शाळेस येतात. पावसाळ्यात वाट निसरडी असते, एक हात छत्रीत गुंतलेला असतो, आणि अशा वेळी पाठीवरचा जादा भार मुलाचा तोल घालवू शकतो. भार मागे ओढतो म्हणून मूल पुढे वाकते. मान, खांदे व कंबर यांवर ताण येतो.

दप्तर बालकाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावे, असे राष्ट्रीय शालेय दप्तर धोरण, २०२० सांगते. त्यात इयत्तावार आकडेही आहेत : पहिली-दुसरीस १.६ ते २.२ किलो, तिसरी ते पाचवीस १.७ ते २.५ किलो. येथेच शिक्षकाने सावध असावे. चौथीतील एखाद्या मुलीचे वजन वीस किलो असेल, तर अडीच किलोचे दप्तर कोष्टकात बसेल. तिच्या पाठीस मात्र दोनच किलो झेपावयाचे. असे दोन आकडे भिडतील तेथे बालकाचा आकडा ग्राह्य धरावा, असे आमचे मत आहे. उलटपक्षी, स्थूल मूल अधिक बळकट असतेच असे नाही. दशांश ही मर्यादा आहे, तेवढे भरलेच पाहिजे असे नव्हे. डोंगर चढणारे सराईत प्रौढ आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंत ओझे घेतात. तो दाखला वाढत्या हाडांच्या मुलांस लावू नये.

हा दशांशाचा उत्तम पाठही होय. वजनकाट्यावर मुलास प्रथम रिकाम्या पाठीने व मग दप्तरासह उभे करावे. वजाबाकी मुलांनीच करावी. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे ऐकून मुले चकित होतात! शाळेत पिण्याचे स्वच्छ पाणी असल्यास भरलेली बाटली घरून आणावयास लावू नये.

राज्याने २०२३-२४ मध्ये पाठ्यपुस्तकांचे भाग करून त्यांत वहीची कोरी पाने घातली होती. ती योजना २०२५ मध्ये मागे घेतली गेली. तेव्हा आता वह्यांचा हिशेब शाळेच्या वेळापत्रकानेच ठेवावयाचा आहे : एका दिवशी किती विषयांच्या वह्या लागतात, ते मुख्याध्यापकांनी पाहावे. जड पुस्तके पाठीलगत ठेवावीत व दोन्ही पट्टे खांद्यांवर घ्यावेत. वजन जूनमध्ये व दिवाळीनंतर पुन्हा घेऊन प्रत्येकाची मर्यादा नव्याने काढावी.