एमएस्सीतला तो अवघड पेपर टाळू नका

गणितात एमएस्सी करणाऱ्या मुलांच्या घरी ऐच्छिक विषय निवडायची वेळ आली की एक पेच हमखास उभा राहतो. यादीत ‘स्मूद मॅनिफोल्ड्स’ असतो, त्यात मार्क पडत नाहीत असे सीनियर सांगतात आणि आईवडिलांना त्या नावात नोकरीचा कुठलाच धागा दिसत नाही. मग सोपा पेपर घेऊन टक्केवारी सांभाळली जाते. माझे मत उलटे आहे. ज्याच्या मनात पीएचडीचा विचार आहे त्याने हा पेपर घ्यावाच, कारण पुढची पाच-सहा वर्षे संशोधनाला द्यावीत की नाही हे बीएस्सीच्या मार्कांपेक्षा या एका सेमिस्टरमध्ये जास्त खात्रीने कळते.

बीएस्सीला कॅल्क्युलस, लिनियर अल्जेब्रा आणि टोपोलॉजी वेगवेगळ्या पेपरांत येतात आणि प्रमेये पाठ करून प्रत्येकातून सुटता येते. इथे तिन्ही एकदम लागतात. मॅनिफोल्ड म्हणजे जवळून पाहिले तर सपाट भासणारा, नकाशांनी तुकड्यातुकड्याने झाकता येणारा अवकाश. उदाहरणार्थ गोलाचा पृष्ठभाग घ्या. तो अख्खा एका सपाट नकाशात मावत नाही, म्हणून उत्तर ध्रुव वगळून एक नकाशा काढायचा आणि दक्षिण ध्रुव वगळून दुसरा. एकाच बिंदूचे निर्देशक पहिल्यातून दुसऱ्यात नेताना क्ष आणि य या दोन्हींना क्ष²+य² ने भागावे लागते. एवढा हिशेब बारावीचा मुलगाही करेल. पण एकच नकाशा का पुरत नाही हे सिद्ध करायला टोपोलॉजीतली कॉम्पॅक्टनेस लागते, आणि कोणताही नकाशा घेतला तरी बदलणार नाही असे स्पर्शप्रतल मांडायचे तर लिनियर अल्जेब्रा मुरलेला हवा. व्याख्या अशी का केली, हा प्रश्न ज्याला जेवतानाही सोडत नाही, त्याला संशोधन मानवण्याची शक्यता मोठी.

‘पण याचा उपयोग काय?’ हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. रीमानने 1854 मध्ये ग्योटिंगेनच्या व्याख्यानात या भूमितीचा पाया मांडला आणि 1915 मध्ये आइन्स्टाइनचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत तिच्याच भाषेत पूर्ण झाला. आजचे उदाहरण हवे तर ड्रोनचे घ्या. अवकाशातल्या सगळ्या फिरण्यांचा समूह हा तीन मितींचा मॅनिफोल्ड आहे. तो तीन कोनांत मांडला की कुठेतरी गणित अडतेच, म्हणून ड्रोनच्या सॉफ्टवेअरमध्ये बहुधा चार संख्यांचे क्वाटर्निऑन वापरतात. तरीही नोकरीच्या मुलाखतीत या पेपरचे नाव क्वचितच कुणी विचारील, हे मुलांना आधीच सांगायला हवे.

मार्कांची भीती मात्र खोटी नाही. किमान टक्केवारीची अट बऱ्याच ठिकाणी असते, ती सांभाळलीच पाहिजे. पण टीआयएफआरसारख्या संशोधन संस्थेत पीएचडीची निवड लेखी परीक्षा आणि मुलाखतीवर होते, आणि फळ्यासमोर उभे राहून विचार करायची सवय असे पेपरच लावतात. पैशांची काळजीही समजते. जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर 2023 पासून दरमहा 37,000 रुपये आणि वर घरभाडे भत्ता मिळतो. आणि सेमिस्टरअखेर मुलगी म्हणाली, ‘मला हे नाही आवडले’, तर ते अपयश मानू नका. संख्याशास्त्र, डेटा सायन्स किंवा नेट-सेट देऊन अध्यापन, या वाटा तेव्हाही खुल्याच असतात. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी हेच कळले तर वळणे फार जड जाते. तयारीसाठी उन्हाळ्याच्या सुट्टीत इन्व्हर्स फंक्शन थिअरमची सिद्धता पुस्तक मिटून स्वतः लिहून पाहावी. ती दोन आठवड्यांत जमली, तर पेपर बिनधास्त घ्यावा.